नाशिकला जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात औषध देताना नेमकं काय सांभाळू?

योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ हे तुला पाठ असेलच. गोंधळ होतो तो प्रत्यक्षात.

भाऊसाहेब नावाचे दोन पेशंट एकाच वॉर्डात असणं आपल्याकडे नवल नाही. “तुम्ही भाऊसाहेब ना?” असं विचारलं की ग्लानीतले बाबाही “हो” म्हणतात. त्यापेक्षा “बाबा, पूर्ण नाव सांगा” म्हण आणि केसपेपरवरचा नंबर जुळव.

इन्सुलिनला सगळ्यात जास्त जप. वायलवर (औषधाच्या छोट्या बाटलीवर) प्रति मिली ४० युनिट की १००, ते आधी वाच. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. १०० चं वायल आणि लाल सिरिंज अशी जोडी झाली, तर २० च्या खुणेला पेशंटच्या अंगात ५० युनिट जातात! साखर धाडकन खाली येते. युनिटचा डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेच.

पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच पुश करायचं नाही, हृदय बंद पडू शकतं. ते पातळ करून, सावकाशच.

डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधू नकोस, फोन कर. ओरडले तर ओरडू देत. आणि सही करायची ती औषध दिल्यावर, आधी नाही.