तिसऱ्या पानावरची ओळ

पत्र थोडक्यात असं: "मुलगी १९ वर्षांची आहे. नीट दोनदा दिली, सरकारी जागा मिळेल इतके गुण नाहीत. आता मानसशास्त्र घेऊन बीए करते म्हणते. मी चौकशी केली. हल्ली मेंदूला चुंबकीय लहरी देऊन नैराश्य बरं करतात, ते यंत्र चालवायला माणसं लागतात. सहा महिन्यांचा कोर्स आहे, नोकरीची हमी देतात. समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा, गोळ्या म्हणजे सवय, पुढचा काळ यंत्रांचा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती ऐकत नाही. तुम्ही समजावून सांगा. — एक वडील"

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. पहिल्या दोन पानांत नीटचे दोन निकाल, तिच्या मैत्रिणींचे निकाल आणि कोर्सची फी भरण्याची घाई. तिसऱ्या पानावर मी अडकलो. तिथे तुम्ही कंसात लिहिलंय: "मागच्या वर्षी तिला डिप्रेशनचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. बरं वाटायला लागल्यावर दोन महिन्यांपूर्वी मीच बंद केल्या. याच क्षेत्रात जायचं तर असलं काही रेकॉर्डवर नको. हल्ली रात्री जागी असते, पण ते निकालाचं टेन्शन." कंस संपला, आणि पुढच्या ओळीत पुन्हा कोर्स.

ती ओळ कंसात राहण्यासारखी नाही. बाकीचं पत्र कंसात गेलं तरी चालेल.

गोळ्या कोणी बंद केल्या? तुम्ही. डॉक्टरांना विचारलंत का? तसं पत्रात कुठे दिसत नाही. तिला विचारलंत का? तेही नाही. १९ वर्षांची मुलगी कायद्याने सज्ञान असते. तिच्या औषधाचा निर्णय ती आणि तिचे डॉक्टर मिळून घेतात. नैराश्याच्या औषधांचं असं असतं, की बरं वाटायला लागणं ही ती थांबवायची खूण नसते. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात, आजार पूर्वीही येऊन गेला असेल तर आणखी जास्त. मग डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. मधेच तोडली तर एक तर आजार परतण्याची शक्यता वाढते. शिवाय चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं वाटणं असले त्रास सुरू होऊ शकतात. ते पाहून घरचे म्हणतात, "बघा, सवय लागलीच होती." सवय लागलेला माणूस मात्रा वाढवत नेतो, त्यासाठी धडपडतो. इथे तसं काही नसतं. औषधाशी जुळवून घेतलेल्या मेंदूला परत फिरायला वेळ दिला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी डॉक्टर नाही. तिचं रात्रीचं जागणं निकालामुळे की आजारामुळे, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही घरात बसून सांगता येणार नाही. म्हणून तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा. उरलेली पाकिटं काढून स्वतःच सुरू करू नका. मधल्या काळात ती जगण्याला कंटाळल्याचं किंवा मरणाचं बोलली तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, तडक रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा फोन दिवसरात्र चालू असतो.

आता तुमच्या "रेकॉर्ड"बद्दल. मुलीने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करावं, पण स्वतः कधी तो उपचार घेतल्याचं कोणाला कळू नये, यातली विसंगती तुम्हाला लिहिताना जाणवली नाही, याचं मला नवल वाटतं. उद्या तिच्यासमोर एखादे वडील बसतील आणि म्हणतील, "मीच गोळ्या बंद केल्या." तेव्हा तिने काय सांगावं? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, त्यामुळे ही गोष्ट गावभर होईल ही भीती काढून टाका. आणि नैराश्यातून उठलेली व्यक्ती या कामाला नालायक ठरत नाही. उपचार अर्धवट सोडलेली व्यक्ती मात्र या अभ्यासक्रमांच्या ताणाखाली लवकर खचू शकते. तुम्ही तिचा मार्ग मोकळा करायला गेलात आणि त्यावर दगड ठेवून आलात.

आता तुमचं ते "स्पष्ट मत". गप्पा जुन्या, गोळ्या त्यानंतरच्या, यंत्र उद्याचं. बैलगाडी, मोटार आणि विमान असा तुमचा हिशेब दिसतो. इतिहास मात्र तुमच्या बाजूने नाही. मेंदूला वीज देऊन उपचार, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ती ईसीटी, चेर्लेत्ती आणि बिनी या इटालियन डॉक्टरांनी रोममध्ये १९३८ साली पहिल्यांदा केली. तेव्हा नैराश्यावरची आजची एकही गोळी जन्माला आलेली नव्हती. त्यातल्या पहिल्या गोळ्या आल्या १९५०च्या दशकात. बोलण्याच्या उपचारातला आज सर्वत्र शिकवला जाणारा प्रकार, सीबीटी, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी मांडला तो १९६०च्या दशकात. म्हणजे विजेचं यंत्र आधी, गोळी नंतर आणि तुमच्या "नुसत्या गप्पां"चा हा प्रकार त्याही नंतर! तुम्ही म्हणता ते चुंबकीय यंत्र, टीएमएस, १९८५मध्ये इंग्लंडात शेफील्डला ॲन्थनी बार्कर यांनी दाखवलं, आणि अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली २००८ साली. तीसुद्धा औषधाने गुण न आलेल्या रुग्णांसाठी.

पण कोण आधी आलं यापेक्षा महत्त्वाचं आहे, कोण कोणाला टेकू देतं. जुनाट नैराश्याच्या ६००हून अधिक रुग्णांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नुसत्या औषधाने ४८ टक्क्यांना गुण आला, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ४८ टक्क्यांनाच, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ७३ टक्क्यांना. (त्यातलं औषध पुढे यकृताच्या त्रासामुळे बऱ्याच देशांत बाजारातून गेलं, हेही सांगून ठेवतो. हे क्षेत्र असंच आहे, इथे कोणत्याच एका गोष्टीवर जीव टाकू नये.) यंत्राची गोष्ट तर याहून बोलकी. ईसीटीने बरे झालेल्या रुग्णांचा पुढे २४ आठवडे पाठपुरावा केलेला अभ्यास २००१मध्ये आला. ज्यांना नंतर औषधाच्या नावाखाली निव्वळ खोटी गोळी दिली, त्यांच्यातल्या ८४ टक्क्यांचा आजार परतला. एक खरं औषध दिलेल्यांत ६० टक्के, आणि त्याला लिथियम या दुसऱ्या औषधाची जोड दिलेल्यांत ३९ टक्के. विजेने माणूस उठून बसतो. त्याला उभा ठेवायचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते घरी, गल्लीत, कामाच्या जागी चालतं.

टीएमएसचंही तेच. भूल लागत नाही, बेशुद्धी नाही, रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावं लागतं. प्रत्येक बैठकीला अर्धा-पाऊण तास लागायचा. नव्या पद्धतीत तीन-चार मिनिटांत काम होतं. तीन मिनिटांसाठी रोज शहरात येणाऱ्याचा रोजगार बुडतो, सोबत यायला माणूस लागतो, आणि दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणत तो घरी बसतो. त्याच्या डोक्यात धातूचा तुकडा किंवा कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, पूर्वी फिट आली होती का, हे आधी कोणीतरी विचारलेलं असावं लागतं. लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड ठरलेल्या मुदतीने तपासावं लागतं. आणि झोपून काढलेल्या वर्षानंतर सकाळी उठून करायचं काय, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावं लागतं. टीएमएसचं बटण यातलं एकही काम करत नाही. ही सगळी कामं एका धाग्यात ओवणारा माणूस लागतो, आणि तोच आपल्याकडे कमी आहे.

तो माणूस डॉक्टरच असला पाहिजे असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर मानस नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तिथे रुग्णांना धरून ठेवलं; गरज वाढली की औषध, आणखी वाढली की मानसोपचारतज्ज्ञ, अशी पायऱ्यांची व्यवस्था होती. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला उपयोग दिसला. तुमच्या मुलीला नेमकं काय करायचंय हे मला माहीत नाही, कारण चार पानांत तिचं एकच वाक्य आहे: "मला माणसांशी बोलायचंय." ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते या कामासाठी चांगलं वाटलं.

कोर्सबद्दल एकच. नोकरीची हमी देणाऱ्यांना विचारा, की हे प्रमाणपत्र घेतलेल्याला रुग्णाचा उपचार ठरवता येतो का? येत नाही. उपचार मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, यंत्र त्यांच्या देखरेखीखाली चालतं. २०१७च्या कायद्याने ज्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हटलंय, त्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आणि मानसिक आरोग्याच्या परिचारिका आहेत. सहा महिन्यांचा यंत्रचालक नाही. फी भरू नका.

रस्ते तुम्हाला माहीत असतीलच: एमबीबीएसनंतर एमडी सायकिअॅट्री, मानसशास्त्रात बीए-एमए करून पुढे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण, समाजकार्यातून सायकिअॅट्रिक सोशल वर्क, नर्सिंगमधून मानसिक आरोग्य. क्लिनिकल प्रशिक्षणाला प्रवेश घेण्यापूर्वी तो विशिष्ट अभ्यासक्रम आज मान्यताप्राप्त आहे का, एवढं आरसीआयच्या यादीत पाहून घ्या. जाहिरातीवर जाऊ नका. नीट तिसऱ्यांदा द्यायची की नाही हे तिला ठरवू द्या, आणि ते आत्ता ठरवायचं नाही. रात्री झोप नसलेल्या मुलीकडून मी कुठलाच करिअरचा निर्णय घेऊन घेणार नाही.

तिला समजावून सांगा, असं तुम्ही लिहिलंत. तिला समजावण्यासारखं काही मला सापडलं नाही. डॉक्टरांकडे जाताना तुम्ही सोबत जा, पण तपासणीच्या खोलीत तिला हवं असेल तरच. गोळ्या तुम्ही बंद केल्यात हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा, तिला सांगायला लावू नका. दोन-तीन महिन्यांनी तिची झोप लागायला लागली की मला पुन्हा पत्र पाठवा. त्या वेळी अक्षर तिचं असू द्या.