टोर्नेडोला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेतील टोर्नेडोच्या बातमीवर ‘चक्रीवादळाचा तडाखा’ असा मथळा वाचून पुण्यातील एका वाचकाने विचारले आहे, की हा शब्द बरोबर आहे का, आणि नसल्यास ‘वावटळ’ म्हणावे का?

माझ्या मते दोन्ही शब्द चुकतात. त्यातही ‘चक्रीवादळ’ अधिक. तो शब्द आपण सायक्लोनसाठी कायम केला आहे. (‘सायक्लोन’ हे नाव एकोणिसाव्या शतकात हेन्री पिडिंग्टन यांनी कोलकात्यात दिले, तेही सापाच्या वेटोळ्यावरून.) चक्रीवादळ उबदार समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि धडकण्याआधी बराच अवधी देते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पुण्यातही झाडे कोसळली. पण ते येणार हे आदल्या दिवशीच सर्वांना ठाऊक होते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी वादळाच्या ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटरांहून कमी, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे आणि पूर्वसूचनाही मिनिटांत मोजावी अशीच. चुकीच्या शब्दाने वाचकाच्या मनात हा अवधीच चुकीचा बसतो.

‘वावटळ’ हा अस्सल आणि देखणा शब्द खरा. वैशाखातल्या दुपारी तळजाईच्या पठारावर पाचोळा, धूळ आणि एखादी प्लास्टिकची पिशवी गरगरत वर चढते आणि पाहता पाहता विरते, ती वावटळ. मात्र ती निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीवरून उठते. टोर्नेडोचे मूळ ढगात असते. शिवाय वावटळ म्हटल्यावर आपण फार तर डोळे मिटून पदर किंवा रुमाल तोंडावर धरतो, तर टोर्नेडोत उडणारे पत्रे, फळ्या आणि काचाच बहुतेकांचा जीव घेतात. टोर्नेडोची तीव्रता सांगणाऱ्या सुधारित फुजिता श्रेणीत शून्य ते पाच असे टप्पे असून ते झालेल्या नुकसानीवरून ठरवले जातात; शेवटच्या टप्प्यात वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे धरला जातो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील मानिकगंज भागात एका टोर्नेडोने सुमारे १,३०० माणसे दगावली. त्याला वावटळ म्हणणे मला तरी जमणार नाही. तळघरात, ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील बिनखिडकीच्या आतल्या खोलीत शिरावे, हा टोर्नेडोसाठीचा सल्ला ‘वावटळ’ या शब्दाशेजारी हास्यास्पद वाटतो. (खिडक्या उघडल्याने घर वाचते, ही समजूत मात्र खोटी आहे, त्यात हकनाक वेळ जातो.)

परिभाषेत ‘घूर्णवात’ आहे. घूर्णन म्हणजे गरगर फिरणे, त्यामुळे शब्द अर्थाने चोख आहे आणि भूगोलाच्या पुस्तकात तो जरूर असावा; पण मथळ्यात तो वाचून किती जण सावध होतील, याची मला शंका आहे. हिंदी वाहिन्यांमुळे ऐकू येणाऱ्या ‘बवंडर’ची तर आपल्याला काहीच गरज नाही.

म्हणून बातमीत सरळ ‘टोर्नेडो’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘ढगातून उतरणारा वाऱ्याचा भोवरा’ अशी जोड द्यावी. लिंगाचा प्रश्न उरतो: वादळ ‘ते’, वावटळ ‘ती’, पण ओकारान्त परका शब्द आणि जोडीला भोवरा, यामुळे टोर्नेडो ‘तो’ म्हणूनच रुळला आहे, आणि ‘टोर्नेडो आला’ हेच कानाला बरे वाटते.