बॉयलर तांब्याचाच

प्रश्न : वाफेच्या रोड रोलरचं चालतं मॉडेल बनवतोय. बॉयलर पितळी नळीचा, कथलाच्या डागाने (सोल्डरने) जोडला तर चालेल? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नको, कृपा करून नको! गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं, धातू कमकुवत होतो. तांबंच घ्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीत एकदा जाऊन बघा. ठोकून कडक झालेला पत्रा तापवून पुन्हा मऊ करायचा असतो, ते हातात बसायला हवं. कथलाचा डाग २०० अंशांच्या आसपासच वितळतो. बॉयलरमधलं पाणी उतरलं की सांधा त्याहून जास्त तापतो, मग तो गेलाच. ६०० च्या वर वितळणारा चांदीचा डाग वापरा. मग बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून रोजच्या दुप्पट दाब द्या. हवेने ही चाचणी कधीही नाही. रंगरंगोटी सावकाश होईल, सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र आधी.