उल्केचे पेंडंट आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न : ‘गिबिऑन उल्केचे लोखंड’ म्हणून जयपूरच्या विक्रेत्याकडून ८५,००० रुपयांचे पेंडंट ऑनलाइन घेतले. पार्सल उघडले त्याच दिवशी शंकेचा मेसेजही विक्रेत्याला पाठवला. मुलुंडच्या सराफाने पॉलिश करताच त्यावरची नक्षी गेली. विक्रेता वर्षभर ‘लॅबमधून तपासून देतो’ म्हणत आहे. बिलाला दोन वर्षे व्हायला सहा आठवडे उरले आहेत. काय करावे?

उत्तर : नक्षी गेली एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, आणि विक्रेता नेमका हाच बचाव घेईल. गिबिऑनसारख्या लोहउल्केतील विडमनस्टेटन नक्षी (ॲसिड लावल्यावर उमटणारी पट्ट्यांची नक्षी) धातूच्या आतपर्यंत असते, कारण लाखो वर्षे अतिशय सावकाश थंड होताना कमी निकलच्या कामासाइटचे आणि जास्त निकलच्या टेनाइटचे पट्टे वेगळे होतात व ॲसिड दोहोंना सारखे खात नाही. त्यामुळे खऱ्या तुकड्याची नक्षीही पॉलिशने पुसली जाते, मात्र पुन्हा ॲसिड लावल्यावर ती उमटते. लेझरने वरवर कोरलेली नक्षी तशी परत येत नाही. हा प्रयोग सराफाकडून करून घेऊ नका. वस्तू आहे त्या स्थितीत ठेवा आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(२)(क) खाली ती मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी तक्रारीतच करा.

तथापि प्रकरणाचा निकाल लागेल तो कलम ६९ वर. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि व्हॉट्सॲपवरच्या आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. मुदत फसवणूक उघड झाल्यापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येईल. पण पार्सल उघडले त्याच दिवशी आपण ‘नक्षी कडेवर का नाही, खोटे तर नाही ना?’ असा मेसेज पाठवला होता. खरी नक्षी कडेवरही उतरते, म्हणून तो मेसेज गुणदोषांवर, म्हणजे पेंडंट खरे की खोटे या मुद्द्यावर, आपल्या बाजूचा आहे आणि मुदतीच्या मुद्द्यावर आपल्याच विरुद्ध आहे. इतकी नेमकी शंका आल्यावर आपण स्वस्थ का बसलात, हे ग्राहक आयोगही विचारेल. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी कायद्यात ४५ दिवस असले तरी तारखांवर तारखा पडतात, हे खरे. तक्रारदाराच्या उशिराचा हिशेब मात्र पहिल्याच तारखेला मागितला जातो.

विक्रेता जयपूरचा असला तरी कलम ३४ नुसार आपल्या निवासस्थानावरून मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. फौजदारी तक्रारीचा मार्गही आहे, पण पोलीस बहुधा हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. विक्रेत्याला नोटीस अवश्य पाठवा, मात्र तिच्या उत्तरासाठी थांबू नका. बिल, मेसेज आणि पॉलिशपूर्वीचे फोटो जोडून याच आठवड्यात तक्रार दाखल करा.