हाडांवरून माणसाची उंची कशी काढतात?

प्रश्न : बेवारस सांगाडा सापडल्याच्या बातम्यांत ‘मृताची उंची पाच फूट साडेचार इंच असावी’ असे छापून येते. अनेकदा तर पूर्ण सांगाडाही मिळालेला नसतो. मग उंची इतकी नेमकी कशी सांगतात आणि तिच्यावर कितपत विसंबावे?
— एक शिक्षिका, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : एका हाडावरूनही उंचीचा अंदाज बांधता येतो, मात्र छापून येतो तो आकडा अपुरा असतो, कारण तज्ज्ञाने दिलेली कमी-अधिकची मर्यादा बातमीत बहुधा गळून पडते.

सर्वांत उपयोगी पडते ते मांडीचे हाड. ते माणसाच्या उंचीच्या साधारण एक चतुर्थांशाहून थोडे अधिक भरते. एका टोकाला स्थिर आणि दुसऱ्या टोकाला सरकती फळी असलेल्या मोजपाटावर ते आडवे ठेवतात, गुडघ्याकडचे टोक स्थिर फळीला टेकवतात आणि हाड किंचित इकडेतिकडे हलवत जास्तीत जास्त लांबी मिळेल तिथे सरकती फळी थांबवतात. गुडघ्याकडचे दोन्ही गोल उंचवटे एकदम टेकवून मोजले, तर तेच हाड काही मिलिमीटरांनी कमी भरते. म्हणून कोणत्या सूत्रासाठी कोणते माप हवे, हे आधी पाहावे लागते.

उंची आणि हाडांची लांबी यांचा संबंध सूत्रात बसवण्याचे काम ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९९ मध्ये केले. पुढे मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली सूत्रे जगभर वापरली गेली. त्यांच्या अभ्यासात दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेले अमेरिकन सैनिक होते आणि त्यांची हयातीतली उंची लष्कराच्या दप्तरी नोंदलेली होती. गोऱ्या पुरुषांसाठी त्यांचे सूत्र असे : मांडीच्या हाडाची सेंटिमीटरमधील लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१. हाड ४३ सेंटिमीटर असेल तर उत्तर येते सुमारे १६३.८ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट साडेचार इंच. पण या सूत्राची प्रमाणित त्रुटी, म्हणजे त्याचे उत्तर खऱ्या उंचीपासून साधारणपणे किती ढळते ते माप, ३.२७ सेंटिमीटर आहे. पुरेशा खात्रीने बोलायचे तर तिच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना सोडावे लागते आणि ‘पाच फूट दोन ते पाच फूट सात इंच’ असे म्हणावे लागते. माझ्या मते हेच प्रामाणिक उत्तर होय आणि बातमीतही तेच यायला हवे.

याहून मोठी अडचण आहे ती सूत्र कोणत्या लोकांवरून बांधले याची. धडाच्या मानाने पायांची लांबी सगळ्या लोकसमूहांत सारखी नसते. आपल्याकडे न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मांडीच्या हाडासाठी गुणक दिलेले असतात; हाडाच्या लांबीला त्याने गुणले की उंची मिळते. बंगाल-बिहार-ओरिसाकडच्या अभ्यासातून आलेला गुणक सुमारे ३.८ आहे, तर पंजाबातल्या अभ्यासाचा सुमारे ३.६. वरच्याच ४३ सेंटिमीटरच्या हाडाला हे दोन गुणक लावून पाहा : एकदा उंची १६३ सेंटिमीटरांच्या पुढे जाते, एकदा १५५ च्या आसपास राहते. हाड तेच, फरक तीन इंचांहून अधिक! म्हणून अहवालात उंचीइतकेच सूत्राचे नावही महत्त्वाचे असते. स्त्री-पुरुषांची सूत्रे वेगळी असल्यामुळे कटिअस्थी (कंबरेचे हाड) किंवा कवटीवरून लिंगनिश्चिती आधी करतात. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांना प्रौढांची सूत्रे लावतच नाहीत.

नडगीच्या हाडाच्या बाबतीत तर खुद्द ट्रॉटर यांच्या कामातच विसंगती निघाली. मोजताना घोट्याचा आतला उंचवटा धरला आहे असे त्यांनी लिहिले होते, प्रत्यक्षात तो वगळला गेला होता, हे १९९५ मध्ये दाखवून देण्यात आले. लिहिल्याबरहुकूम मोजणाऱ्यांची उत्तरे त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरांनी जास्त येत होती.

शिवाय बेपत्ता व्यक्तीची उंची घरच्यांनी बहुतेक वेळा अंदाजानेच सांगितलेली असते. तेव्हा उंचीचा खरा उपयोग न जुळणारी नावे यादीतून बाजूला काढण्यासाठी होतो. ओळख पटवायची ती दात, जुने एक्स-रे किंवा डीएनए यांच्या आधारे.

प्रश्न : हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची उंचीही अशीच काढतात का? सांगाडा पुरलेल्या जागीच टेप लावून मोजता येणार नाही का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : टेप लावून मिळते ती सांगाड्याची लांबी. मातीच्या दाबाने सांधे सरकलेले असतात, मणक्यांमधल्या कूर्चा नाहीशा झालेल्या असतात, मानही बहुधा वाकलेली असते. म्हणून ते माप उंची म्हणून धरत नाहीत.

पूर्ण सांगाडा असेल तर जॉर्ज फुली यांनी १९५६ मध्ये मांडलेली पद्धत अधिक भरवशाची आहे. तीत कवटीची उंची, एकेका मणक्याची उंची, मांडी आणि नडगीची हाडे, घोटा आणि टाच यांची मापे मिळवून वर मऊ भागांसाठी १० ते ११.५ सेंटिमीटर धरतात. मात्र आपल्या भागात तिला एक विलक्षण अडथळा येतो. नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचे जोर्वे येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्या जोर्वे गावावरून ज्या ताम्रपाषाण (तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या) संस्कृतीला नाव मिळाले, त्या संस्कृतीच्या पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील दफनांत प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. घोटा-टाचच नसेल तर फुलींची बेरीज पूर्ण होत नाही आणि पुन्हा लांब हाडांच्या सूत्रांकडे वळावे लागते. त्या काळच्या माणसांवरून बांधलेले सूत्र तर असूच शकत नाही. त्यामुळे दोन स्थळांच्या लोकांची तुलना करायची असेल, तर अंदाजित उंचीपेक्षा मांडीच्या हाडाची मोजलेली लांबीच शेजारी शेजारी ठेवणे मला अधिक योग्य वाटते.