संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील येऊर भागातले बिबटे इतकी वर्षे भटकी कुत्री खात आहेत, मग कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने ते मरत कसे नाहीत?

ठाण्यात जनावरांवर उपचार करणारा या नात्याने मला हा प्रश्न रास्त वाटतो. पाड्यांवरची आजारी कुत्री मी पाहिली आहेत. नाकातून घट्ट पिवळा स्राव येतो, तळपायांची कातडी टणक होते, आणि तोंडात काही नसताना जबडा सतत चावल्यासारखा हलत राहतो. असे जनावर बिबट्याला आयतेच सापडते. तेव्हा विषाणू त्याच्यापर्यंत पोहोचतच नसेल, असे मानायला आधार नाही.

मात्र साथ पसरायला एवढे पुरत नाही. गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद उन्हात शरीराबाहेर फार काळ टिकत नाही; त्याला प्रतिकारशक्ती नसलेली नवनवी जनावरे लागतात. कुत्र्यांची पिल्ले ती गरज भागवतात, पण एकटा हिंडणारा बिबट्या दुसऱ्याच्या फारसा जवळ जात नाही. सिंहांचा कळप एकाच शिकारीत तोंड घालतो. 1994 मध्ये टांझानियातील सेरेंगेटीच्या जंगलात डिस्टेंपरच्या साथीत सुमारे एकतृतीयांश सिंह दगावले, त्यामागे हेही एक कारण होते.

तेथील खरा उलगडा पुढे झाला. जुन्या रक्तनमुन्यांवरून असे दिसले की हाच विषाणू पूर्वीही येऊन गेला होता, पण तेव्हा सिंह मेले नव्हते. 1993 च्या दुष्काळाने रानम्हशी खंगल्या, पाऊस पडताच त्यांच्यावर गोचिडांचा सुळसुळाट झाला, आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडांमार्फत येणारा बाबेसिया हा परजीवी एरवीपेक्षा कितीतरी अधिक वाढला. त्यातच डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती दाबली. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही हे दोन्ही रोग आढळले. गीरचे सिंह मूठभर पूर्वजांपासून वाढलेले आहेत. जनुकीय विविधता इतकी कमी असली की एकाला भोवणारा रोग बहुतेकांना भोवू शकतो.

आपल्या बिबट्यांची स्थिती त्या मानाने बरी आहे. 2009 मध्ये माळशेजला रेडिओ कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागापर्यंत आला, म्हणजे बाहेरचे रक्त येण्याची वाट अजून उघडी आहे. पुढे तो वाहनाच्या धडकेत मेला, हेही विसरता येत नाही.

राहिला ‘मरत नाहीत’ हा भाग. दाट रानात मेलेला बिबट्या सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि पावसाळ्यात तपासण्याजोगे काही उरत नाही, त्यामुळे तुरळक मृत्यू होतच नाहीत असे मी म्हणणार नाही. कुत्र्यांच्या नसबंदीबरोबर सहसा रेबीजचीच लस टोचतात. जंगलालगतच्या पाड्यांवर तरी डिस्टेंपरचीही टोचावी, असे माझे मत आहे.