नर्सेसची युनियन संप सोडून वर्षभर करते तरी काय? वर्गणी भरावी का?

तुम्ही विचारलंय की खाजगी हॉस्पिटलात नवीन लागलेय, तिथल्या सिनियर सिस्टर युनियनची मेंबर हो म्हणून मागे लागल्यात, पण पेपरात युनियनचं नाव फक्त संपाच्या वेळी दिसतं, मग बाकी वर्षभर ही मंडळी करतात काय आणि वर्गणी का द्यायची. प्रश्न एकदम रास्त आहे. मी सरकारी हॉस्पिटलात २००८ पासून अधिपरिचारिका (म्हणजे स्टाफ नर्स) आहे, पहिली सहा वर्षं मी पण हेच म्हणायचे आणि आता आमच्या शाखेची सचिव आहे, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयत.

संपाचं आधी सांगते, कारण तो दिसतो. मे २०२२ च्या शेवटी राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या ते नर्सेसची भरती बाहेरच्या एजन्सीमार्फत करायच्या निर्णयाविरुद्ध. मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून आठवडाभर सगळेच सरकारी कर्मचारी, 'एकच मिशन जुनी पेन्शन', त्यात मी होतेच कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि मी बरोब्बर त्यातली. मग जुलै २०२५, आधी आझाद मैदानात धरणं आणि १८ पासून बेमुदत, सातव्या वेतन आयोगातल्या वेतनत्रुटी आणि परत तीच कंत्राटी भरती. हे सगळे दिवस मोजले तरी महिनासुद्धा भरत नाही हो. बाकीचे दिवस आम्ही टेबलाटेबलावर फाइल शोधत फिरतो.

म्हणजे बघा, एकीचं सर्व्हिस बुक पडताळणीला गेलं ते परत आलंच नाही, म्हणून तिची आश्वासित प्रगती (ठरावीक वर्षं झाली की मिळणारी वरची वेतनश्रेणी) अडकली. एकीने १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेतली थोडी मागितली (ही रजा २०१८ पासून आहे) तर क्लार्क म्हणतो जीआरची कॉपी तुम्हीच आणा. मेडिकल बिलं, गणवेश भत्ता, ज्येष्ठता यादीत नाव खाली गेलेलं. एकटी बाई गेली की 'उद्या या', आणि चौघी एकदम गेल्या की तीच फाइल कपाटातून निघते. यात ग्रेट काही नाही, पण वर्षभराचं मुख्य काम हेच.

आता मेंबरांना जोडून घेण्याचं, कारण खरं अवघड तेच. मी सचिव झाले तेव्हा वाटलं व्हॉट्सअप ग्रुप आहे, झालं काम. ग्रुपवर मी लांबच्या लांब निवेदनं टाकायचे आणि खाली दोन अंगठे, एक फुलं-गुच्छ-शुभ सकाळ, संपलं. द्वारसभा (हॉस्पिटलच्या आवारातच उभ्या उभ्या घेतलेली मीटिंग) घ्यायचो दुपारी दोनला, म्हटलं मॉर्निंगवाल्या सुटतात आणि इव्हिनिंगवाल्या येतात तर दोघी मिळतील. मिळायचं कोणी नाही. मॉर्निंगवाली सकाळपासून उपाशी, मूल शाळेतून आलेलं, आणि इव्हिनिंगवालीला ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटचा चार्ज) घ्यायची घाई. सायकल स्टँडच्या लिंबाखाली आम्ही नऊ-दहा जणी आणि एक ब्रदर (पुरुष नर्स), तोही बिचारा गाडी काढायला आलेला.

मग आमच्या एका रिटायरमेंटला आलेल्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, अगं तू त्यांना बोलावतेस कशाला, तूच जा की. आणि आम्ही दोघी नाइटला फिरायला लागलो. रात्री दहाची इंजेक्शनं झाली, ड्रिप बदलून झाल्या की साडेदहा-पावणेअकराला जरा वेळ मिळतो, तेव्हा थर्मासमधून चहा घेऊन एकेक वॉर्ड. भाषण नाही, निवेदन नाही. एक दोनशे पानी वही न्यायचो आणि एकच विचारायचो, तुझे ऑफ किती पेंडिंग आहेत?

बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. आठवड्याचा ऑफ असतो, पण स्टाफ कमी असला की ड्युटी लिस्टमध्ये तुमचा ऑफ खोडून ड्युटी लावतात आणि म्हणतात पुढे घ्या. ते पुढे कधी येतच नाही. वहीवर पहिल्या रात्री मेडिसिन वॉर्डातल्या एका नवीन पोरीने लिहिलं ११. मी म्हटलं नीट मोज, तर तिने पर्समधून कॅलेंडरचं पान काढलं, प्रत्येक गेलेल्या ऑफवर लाल गोल. ते पान अजून माझ्याकडे आहे. शेजारी आम्ही अजून एक रकाना केला, आज रात्री पेशंट किती आणि सिस्टर किती. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, शिकवणारं हॉस्पिटल नसेल तर पाचामागे एक, वर सुट्ट्यांसाठी तीस टक्के जादा. आमच्या वहीत त्या पोरीच्या नावापुढे होतं ४२ आणि १. खाली गाद्या टाकलेले वेगळे.

तीन महिन्यांनी ती वही घेऊन हॉस्पिटलच्या साहेबांकडे गेलो. आधीच्या निवेदनांत आम्ही लिहायचो 'कामाचा ताण प्रचंड वाढलेला असून', त्यावर साहेब 'योग्य ती कार्यवाही' असा शेरा मारायचे आणि सगळे घरी. या वेळी पानं उलटत बसले. लगेच स्टाफ वाढला असं अजिबात नाही, जागा मंजूर असून रिकाम्या असतात त्याला साहेब तरी काय करणार, पण पेंडिंग ऑफ द्यायचं वेळापत्रक लागलं, आणि नाइटला मेडिसिनला दुसरी सिस्टर मिळायला लागली, निदान थंडीतापाच्या सीझनपुरती. मुख्य म्हणजे ज्या बायकांनी कधी ग्रुपवर हूं की चूं केलं नव्हतं त्या स्वतः विचारायला लागल्या, मॅडम वही कुठेय, माझा एक वाढलाय. पुढच्या द्वारसभेला लिंबाची सावली पुरली नाही.

चुका पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच मोठी. कंत्राटी भरतीविरुद्ध आम्ही घोषणा देत होतो, 'कंत्राटी भरती रद्द करा', आणि आमच्याच वॉर्डातली कंत्राटी सिस्टर, माझ्यासोबत कोविडमध्ये पीपीई घालून उभी राहिलेली, मला बाजूला घेऊन म्हणाली, म्हणजे मला काढा म्हणताय का? मला काही बोलता येईना. आमचा विरोध पद्धतीला होता पण तिच्या कानाला ते तसं ऐकू येणारच ना. पुढच्या निवेदनात आम्ही 'आहेत त्यांना कायम करा' ही मागणी वर घेतली, तिलाच मजकूर वाचायला दिला. तरी सगळ्या कंत्राटी पोरी आमच्यासोबत आल्या असं नाही, त्यांना दर वर्षी ऑर्डर रिन्यू व्हायची भीती, आणि ती भीती खरी आहे. ज्या युनियनला हे दिसत नाही तिच्यापासून जपून राहा.

अजून एक काम म्हणजे मारामारीच्या रात्री. पेशंट गेला, नातेवाईक चिडले, डॉक्टर ऑपरेशन थिएटरात आणि समोर सिस्टर. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, आरोग्यसेवेतल्या माणसावर हात उचलला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि त्यात नर्स पण येते, फक्त डॉक्टर नाही. पण रात्री दोन वाजता एकटी पोरगी पोलिस स्टेशनला जाईल का? घरचे म्हणतात जाऊ दे, बदनामी होईल. तेव्हा सोबत दोघी-तिघी जाऊन तक्रार लिहून होईपर्यंत बसणं, हे पण युनियनचंच. याचा फोटो पेपरात येत नाही.

आणि फक्त स्वतःसाठीच भांडतो असंही समजू नका. अरुणा शानबाग माहिती असतील, १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात हल्ला झालेल्या नर्स, २०१५ पर्यंत तिथेच होत्या. ऐंशीच्या दशकात पालिकेने त्यांना तिथून हलवायचा दोनदा प्रयत्न केला आणि केईएमच्या नर्सेसनी आंदोलन करून तो हाणून पाडला. पगाराचा एक रुपया त्यात नव्हता.

तुमचं खाजगीतलं गणित वेगळं आहे. तुम्हाला मेस्मा (अत्यावश्यक सेवेतला संप रोखणारा कायदा), जीआर वगैरे कमी, पण नोकरी जायची भीती जास्त. एक गोष्ट माहिती करून घ्या, सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी नर्सेसच्या पगाराच्या शिफारशी केल्या होत्या: २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० च्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० ला पंचवीस टक्के कमी, आणि ५० च्या आत असेल तरी २० हजारांच्या खाली नाही. तुमचे बेड मोजा आणि पगाराची स्लिप बघा, बाकी मी बोलत नाही. केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन २०११ मध्ये उभी राहिली, सगळ्या खाजगीतल्याच नर्सेस, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला २० हजार किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. म्हणजे शिफारस कागदावर होतीच, ती कोणीतरी ओढून बाहेर काढावी लागते.

(टीएनएआय, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, आणि युनियन यात गल्लत करू नका. ती १९०८ पासूनची व्यवसायाची संघटना आहे, तीही मेंबरशिप चांगलीच, पण ड्युटी लिस्टचं भांडण ती तुमच्या वॉर्डात येऊन करणार नाही.)

तर वर्गणी भरा, पण आधी त्या सिस्टरना तीन गोष्टी विचारा. युनियन रजिस्टर आहे का (त्यासाठी मेंबर एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी तेवढे लागतात, आणि काही झालं तरी किमान सात). मागच्या वर्षी वार्षिक सभेत हिशेब वाचला का. आणि गेल्या सहा महिन्यांत कोणाचं एक तरी छोटं काम केलं ते नाव घेऊन सांगा. तिसऱ्या प्रश्नावर त्या अडखळल्या तर थांबा थोडं, आणि पटापट चार कामं सांगायला लागल्या तर लगेच पैसे द्या. पावती मात्र मागून घ्या, आमच्याकडे पण मागितल्याशिवाय फाडत नाहीत, खजिनदार मीच होते तेव्हापासूनची सवय आहे ती.